कप विसळून सांगितलेला अर्थ

आमच्या भागातल्या निम्म्याअधिक लिफ्टा ज्याच्या हाताखालून गेल्या आहेत, तो माणूस स्वतः बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी त्याला एकदा विचारलं, की बाबा रे, हे असं कसं? तर म्हणाला, "दिवसभर दोरावर असतो आजोबा. संध्याकाळी पायऱ्या बऱ्या वाटतात." मी ते वाक्य खिशात घातल्यासारखं जपून घरी आणलं आणि त्याचा अर्थ लावत बसलो. दोर म्हणजे मोह, पायऱ्या म्हणजे साधना, तिसरा मजला म्हणजे तिथवर पोचलेलं मन. आमची ही समोर शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "लिफ्ट नाही म्हणून भाडं कमी असेल." भाडं कमीच होतं, हे पुढे कळलं. पण तोवर माझा तिसरा मजला पुष्कळ उंच गेलेला होता.

हा अर्थ लावण्याचा रोग मला शाळेत जडला. आमची शाळा म्हणजे एक खोली, चार इयत्ता आणि एक मास्तर. कविता कुठलीही असो, मास्तरांचा प्रश्न ठरलेला: कवीला येथे काय म्हणायचे आहे? एका पोराने एकदा सरळ सांगितलं, की गुरुजी, कवीला जे म्हणायचं होतं ते त्याने म्हटलेलं दिसतंय. त्याला शाळा सुटेपर्यंत दाराशी उभं केलं होतं. ते बघून मी शहाणा झालो. मास्तरांच्या तालमीत सगळं पक्कं होतं. नदी आली की आयुष्य, पाखरू आलं की आत्मा, दिवा आला की ज्ञान, आणि यातलं काहीच आलं नाही तर मृत्यू. मृत्यू लिहिला की मास्तर खूष. पाटीची दोन्ही अंगं भरल्याशिवाय ते पाटी हातात घेत नसत, आणि मी तर लाकडी चौकटीवरसुद्धा लिहीत असे. 'मोठा होशील' असं ते मला म्हणाले होते. मी मोठा झालो तो वजनमापांच्या खात्यात. दुकानादुकानांतून फिरायचं, काटा तपासायचा, वजनं खरी की खोटी बघायची आणि शिक्का मारायचा. त्यात कवीला काय म्हणायचे आहे असं कुणी विचारलं नाही. सगळं आयुष्यभर आत साठून राहिलं आणि निवृत्त झाल्यावर एकदम बाहेर यायला लागलं.

घरात ते किती यायला लागलं म्हणता! सूनबाई किराणा सांगायची तर त्याचाही मी अर्थ लावायचो. शेवटी एका शनिवारी चिरंजीवांनी नातीला बाजूला घेऊन सांगितलं, की तू जातेस ना गाण्याला, आजोबांनाही ने, तिकडे बोलून मोकळे होऊन येतील. हे मी ऐकलं. वाईट वगैरे काही वाटलं नाही, मी आधी चपला शोधायला लागलो.

नातीची मंडळी जमायची ती एका पडद्यांच्या दुकानामागच्या खोलीत. चहूबाजूंनी कापडाचे गठ्ठे भिंतीला टेकून उभे, त्यामुळे आवाज कुठे आपटत नसे. मधे कापड कापायचं लांबलचक टेबल, कोपऱ्यात नळ आणि मोरी, वर चहाचे कप. दुकानाचा मालक स्वतः गात नाही, पण कुणी वाईट गायलं तर कैची उचलून उगाच एखादं कापड कापायला लागतो. इथे येणारे सगळे आपली गाणी आपणच लिहायचे, आपणच चाल लावायचे, आपणच गायचे. नात त्यांना इंडी म्हणते. इंडी म्हणजे काय, असं मी विचारलं. तिने बरंच सांगितलं. त्यातून मला समजलं ते असं, की ज्याच्यामागे कंपनी नाही, साजिंदे नाहीत आणि बऱ्याचदा समोर ऐकणारेही नाहीत, तो. असल्या माणसांना अर्थ लावणारा म्हातारा मिळाला तर त्यांना हवाच असणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, पहिल्या दिवशी तसं झालंही.

म्हणजे जवळजवळ झालं. एका दाढीवाल्या तरुणाने सायकलची चेन पडली आणि तो ढकलत घरी आला, असं गाणं म्हटलं. बराच वेळ ढकलत होता. गाणं संपलं. मला राहवेना. मी उठलो आणि सांगितलं, की चेन म्हणजे पिढ्यांना जोडणारी साखळी, ती निखळली आहे, आणि हा तरुण परंपरेचं ओझं ढकलत मरणाच्या दारी, म्हणजे घरी, निघाला आहे. मला वाटतं मी चहा गार होईस्तोवर बोललो. लोक ऐकत राहिले, एका मुलीने तर डोळे पुसले. मग तो दाढीवाला म्हणाला, "आजोबा, खरंच चेन पडली होती हो." सगळी खोली हसली. पडदेवाला हसला नाही, तो टेबलाखाली वाकला होता. तो बराच वेळ वर आला नाही, म्हणून मी ओळखलं, की हसू लपवतोय.

दुसरा कुणी असता तर त्याने तिथे जाणं सोडलं असतं. मी नियम केला. पुढच्या शनिवारी मी मांडलं, की गाणं एकदा तोंडातून गेलं की ते ऐकणाऱ्याचं. तेव्हा ज्याने गाणं म्हटलं त्याने अर्थाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. अर्थ ऐकणारे सांगतील. नियम मोडला तर मोडणाऱ्याने सगळ्यांचे कप विसळायचे. कप विसळायचा सगळ्यांनाच कंटाळा, त्यामुळे नियम ताबडतोब मंजूर झाला. पडदेवाल्याने तो कापडावर खुणा करायच्या खडूने फळीवर लिहिलासुद्धा. तेव्हापासून गाणं संपलं, की माना आपोआप माझ्याकडे वळायला लागल्या. मला 'अर्थवाले आजोबा' असं नाव पडलं. घरी येऊन मी हिला ते सांगितलं, तर म्हणाली, "नाव पडलं म्हणजे कौतुकच झालं असं नाही." पण हिचं असंच असतं.

तर तिथे हा लिफ्टवाला येत असे. खरं तर तुम्हाला त्याचंच सांगायला बसलोय, मीच मधे मधे येतो, त्याला माझाही इलाज नाही.

वय पंचेचाळिशीच्या पुढे, उंच, खांदे थोडे पुढे आलेले. दिवसभर लिफ्टच्या पोकळीत अंग चोरून काम करायचं, त्यामुळे मोकळ्या खोलीतही तो अंग चोरूनच बसायचा. वडील एका मोठ्या कचेरीत लिफ्टमधे स्टुलावर बसून बटणं दाबायचे. शाळेला सुट्टी असली की हा त्यांच्या पायाशी बसून दिवसभर वरखाली करी. बटणाच्या मागे काय आहे ते बघायची त्याला तिथेच ओढ लागली. शिकला, लागला कामाला, आईचं दुखणं काढलं पुष्कळ वर्षं, आणि आई गेली तेव्हा लग्नाचं वय होऊन गेलंय असं त्याचं त्यानेच ठरवून टाकलं. बोलायचा अगदी कमी. जे बोलायचा ते कामाच्या कागदावर लिहिल्यासारखं. चहा झाला का विचारलं तर म्हणायचा, "चहा झाला. साखर ठीक."

गाणं मात्र त्याचं वेगळंच होतं. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत मोटार घुमायला लागली, की तिचा एक सूर लागतो म्हणे. तो धरून हा गायचा. अजूनही गाताना आधी डोळे मिटून कान देतो, जणू कुठूनतरी मोटार सुरू व्हायची वाट बघतोय. ओळ सुचली की लिफ्टच्या पोकळीत आतल्या भिंतीवर खडूने लिहून ठेवायची, दोन मजल्यांच्या मधे, जिथे कधीच कुणाचं दार उघडत नाही. म्हणजे आमच्या भागात इतके लोक रोज त्याच्या कवितेसमोरून वरखाली जातात आणि कुणालाच पत्ता नाही. एकदा एका ओळीखाली दुसऱ्या कुठल्यातरी कारागिराने लिहून ठेवलेलं सापडलं: 'छान. खालचा बोल्ट ढिला आहे.' तो म्हणाला, त्याच्या गाण्याला मिळालेली ती पहिली दाद.

त्याच्या वरती, पाचव्या मजल्यावर, एक बाई राहतात. बेकरीत भट्टीवर काम करतात, सगळे त्यांना ताई म्हणतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. रात्रभर पाव भाजून ताई सकाळी घरी यायच्या तेव्हा हा कामाला निघालेला असायचा. त्या चढायच्या, हा उतरायचा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गाठ पडायची. हा भिंतीला चिकटून वाट द्यायचा, त्या पिशवीतला एक पाव त्याच्या हातात ठेवायच्या, झालं. हे असं कित्येक महिने चाललेलं. त्यांनीच एकदा त्याला कुठे जाता शनिवारी म्हणून विचारलं, आणि मग त्याही सुट्टीच्या शनिवारी येऊन मागच्या बाकावर बसायला लागल्या. येताना पाव आणायच्या. त्या आल्या की कैची आपोआप खाली ठेवली जायची.

एका शनिवारी याने नवीन गाणं म्हटलं. मला ते तोंडपाठ आहे, आणि का आहे ते पुढे कळेलच.

तू वर निघतेस, मी खाली येतो,
एका दोराची दोन टोकं.
मधल्या वळणावर हवा हलते,
तेवढीच आपली भेट.

कुणी कुणाचा भार घेत नाही,
मी रोज घेतो, न शिवता.
एक दिवस हा दोर थांबव,
एकाच मजल्यावर उतरू.

आता तुम्ही म्हणाल, यात कळायला काय अवघड आहे? अहो, तेच तर. कळायला सोपं असलं की मला संशय येतो. गाणं संपलं, माना माझ्याकडे वळल्या, आणि माझ्या अंगात मास्तर संचारले. मी म्हणालो, वर जाणारी 'ती' म्हणजे आत्मा. खाली येणारा 'मी' म्हणजे देह. दोर म्हणजे श्वास. जन्मभर देह आत्म्याचा भार वाहतो, पण त्याला शिवू शकत नाही. आणि आता हा माणूस थकला आहे. तो म्हणतोय, दोर थांबव. श्वास थांबव. एकाच मजल्यावर म्हणजे मातीत. मंडळी, आपल्यामधे एक माणूस बसला आहे ज्याचं मन या जगातून उठलेलं आहे, त्याला आता कुणाचा मोह नाही, कुणाची वाट नाही, आणि आपण त्याच्याकडून चहा झाला का याचं उत्तर मागतो!

असा काही बोललो मी, की नंतर मलाच अंगावर काटा आला. कापडांचे गठ्ठेसुद्धा स्तब्ध झाल्यासारखे वाटले. मागच्या बाकावर ताई पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. लिफ्टवाल्याचे कान लालबुंद झाले होते, तोंड एकदा उघडलं आणि मिटलं. मी फळीवरच्या नियमाकडे हलकेच बोट दाखवलं. माणूस भारावला की बोलावंसं वाटतं, त्याला आवर घालावा लागतो. घरी जाताना मी नातीला म्हणालो, आज मास्तर असते तर!  ती म्हणाली, "आजोबा, मला वाटलं ते गाणं थोडं वेगळं होतं." मी म्हणालो, तुझं वय लहान आहे.

पुढच्या शनिवारी लिफ्टवाला आला नाही. त्याच्या पुढच्याही. ताईही नाहीत, म्हणजे पावही नाहीत. मी सगळ्यांना सांगत होतो, की एवढं खोल गाणं लिहिल्यावर माणसाला एकांत लागतो.

मग आमच्या इमारतीची लिफ्ट अडली. दुरुस्तीला हाच आला. आमच्या मजल्यावरचं दार उघडून तो पोकळीत वाकून काम करत होता, मी खुर्ची टाकून बाहेर बसलो आणि हिने चहा आणला. आत एका बाजूला लोखंडी ठोकळ्यांची चळत लोंबत होती. आयुष्यभर वजनं तपासलेली, माझं लक्ष लगेच तिकडे. विचारलं, हे काय? तो म्हणाला, "लिफ्टचा तोल. ती वर गेली की हा खाली येतो. मधे एकमेकांना ओलांडतात. याच्यामुळे तिचा भार मोटारीवर येत नाही." मी म्हणालो, अगदी देह आणि आत्मा.  पोकळीतच बघत तो म्हणाला, "बेकरीतल्या त्या जाणार आहेत. मालकाची नवी शाखा आहे, लांब. महिनाअखेर. मालक बरेच दिवस विचारत होते, त्या टाळत होत्या. त्या शनिवारनंतर हो म्हणाल्या."

मी म्हणालो, अरे वा, बढतीच झाली म्हणायची, आणि तू का येईनास? तर म्हणाला, "मला अर्थाबद्दल बोलता येत नाही, आजोबा. नियम आहे." आणि पाना घेऊन आणखी आत वाकला.

कप घ्यायला ही तिथेच उभी होती. गाणं तिने नातीच्या फोनवर ऐकलेलं होतं. तिने मला हाताला धरून घरात आणलं, दार लावलं आणि म्हणाली, "अहो, तो माणूस तिला मागणी घालत होता, आणि तुम्ही भर सभेत त्याला खांदा दिलात."

मी म्हणालो, काहीतरीच काय.

"सगळं जग तिला ताई म्हणतं. तो कधी म्हणतो का? 'बेकरीतल्या त्या' म्हणतो. एवढं तुम्हाला ऐकू आलं नाही, आणि दोरातला श्वास बरा ऐकू आला."

मी खुर्चीवर बसलो. ती चढते, हा उतरतो. मधल्या वळणावर भेट. एका मजल्यावर उतरू. अहो, त्यात पाटीचं एक अंगसुद्धा भरलं नसतं! आणि दुसरं म्हणजे, एक बाई वर्षभर वाट बघत होती की हा माणूस तोंडातून काहीतरी काढेल, आणि त्याने काढलं तेव्हा मधे मी उभा.

बरं, मी असा की बिघडवलेलं आपणच दुरुस्त करायला जाणार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेकरीत गेलो. ताई रात्रीच्या पिठाची तयारी करत होत्या, कोपरापर्यंत हात पांढरे. मी सगळं सांगितलं. की ताई, माझं चुकलं, त्यात मरण वगैरे काही नव्हतं, तो जिन्याबद्दल बोलत होता. त्या ऐकत होत्या, मळत होत्या. मग हसल्या थोड्या. "आजोबा, तुम्ही माझं मन राखायला आलात. पण त्या दिवशी जे बोललात ते पोटातून आलं होतं. ते खरं होतं." मी म्हणालो, ते पोटातून आलं पण चुकीचं आलं. मजला म्हणजे नुसता मजलाच, ताई! तर हात थांबवून त्या म्हणाल्या, "मजला म्हणजे मजलाच. किती छान बोलता तुम्ही." आणि पुन्हा डोळे भरून आले. मी जितकं सोपं करून सांगू तितकं ते त्यांना खोल वाटायला लागलं. जन्मभर मला असा श्रोता हवा होता, आणि मिळाला तो या वेळी. शेवटी म्हणाल्या, "जो माणूस सगळ्यातून मोकळा झालाय, त्याच्या वाटेत मी कशाला पाव घेऊन उभी राहू?" आणि एक गरम पाव मला दिला. तो मी रस्त्यातच खाल्ला. दुःखातही माझी भूक शाबूत असते, हे हिने नंतर बोलून दाखवलंच.

मग लिफ्टवाल्याला गाठलं. म्हटलं, तू सरळ जाऊन सांग ना. तो म्हणाला, जिन्यात जमत नाही, जमलं असतं तर गाणं कशाला केलं असतं. म्हटलं, मग शनिवारी ये, पुन्हा गा. त्याने विचारलं, की गायलं तर तुम्ही बोलाल का? त्याच्या चेहऱ्यावर मी इतकी भीती कधी पाहिली नव्हती. याच माणसाने आयुष्य दहा-दहा मजल्यांच्या पोकळीवर लोंबकळत काढलेलं. मी शपथ घेतली. हिच्यासमोर घेतली, म्हणजे मोडायची सोयच नाही.

ताईंचा तो शेवटचा शनिवार. निरोप घ्यायला म्हणून त्या मोठी टोपली भरून पाव घेऊन आल्या. खोलीत नेहमीपेक्षा जास्त माणसं, टेबलावर कपांची गर्दी. दोन-तीन जणांची गाणी झाली. एकाचं तर नदीवरचं होतं आणि त्यात पाखरूही होतं, पण मी ओठ मिटून बसलो. नातीने माझा हात धरून ठेवला होता. मग हा उठला, डोळे मिटले, कुठूनतरी त्याची ती मोटार सुरू झाली आणि त्याने गाणं म्हटलं. तेच. एक अक्षर बदललं नाही.

गाणं संपलं. माना वळल्या.

मी छताकडे बघत होतो. किती अर्थ येत होते म्हणून सांगू, घशापर्यंत आलेले! पडदेवाला म्हणाला, आजोबा? मी मान हलवली. म्हणालो, मला यातलं काही कळत नाही. खोलीत असा सन्नाटा झाला की जणू मीच गेलो. कुणाला काय करावं समजेना. ताईंनी टोपलीवरचं फडकं उचललं, घडी घातली, आता निघणार असं दिसायला लागलं.

तेव्हा लिफ्टवाला खाली बसायचं सोडून टेबलाकडे गेला. एकेक करून कप उचलायला लागला. माझ्या हातातला अर्धा भरलेला कपही घेतला. सगळे कप मोरीवर नेऊन ठेवले, बाह्या वर केल्या आणि नळ सोडून विसळायला लागला.  नुसता पाण्याचा आणि कपांचा आवाज. घाई नाही, प्रत्येक कप आतून बाहेरून, कान पुसून, उपडा. फळीकडे बघून पहिल्यांदा ओळखलं ते नातीने, तिने माझा हात एकदम दाबला. शेवटचा कप उपडा घालून त्याने नळ बंद केला, वळला, आणि ओले हात तसेच ठेवून कामाच्या कागदावर लिहिल्यासारखं म्हणाला,

"वर जाणाऱ्या त्या म्हणजे तुम्ही. खाली येणारा मी. वळण दुसऱ्या मजल्याचं. उतरायचं ते तिसऱ्यावर, माझ्याकडे. बाकी काही नाही त्यात."

ताईंच्या हातात फडकं तसंच.  मग म्हणाल्या, "हे जिन्यात सांगता आलं नसतं?"

"जिन्यात तुम्ही दमलेल्या असता."

"मला वाटलं, तुम्ही मरताय."

"नाही," तो म्हणाला. "सध्या तरी नाही."

पडदेवाला टेबलाखाली वाकला. ताईंनी फडकं परत टोपलीवर टाकलं, पण नीट बसेना, म्हणून पुन्हा उचललं. "उद्या मालकांना सांगायला हवं," त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "की दुसरं कुणीतरी बघा." मग फडक्याची घडी करत, "तिसराच बरा. पाचव्यावर चढून माझे गुडघे गेले."

बस, एवढंच. मग आम्ही पाव खाल्ले. मला तर मध्येच हसू फुटायचं, मध्येच डोळ्यांत पाणी. पाण्याचा अर्थ मी लावला नाही.

आता त्या खोलीत माझी जागा पहिल्यासारखीच आहे, फक्त उपयोग बदललाय. परवा एका मुलीचं गाणं झालं, मी म्हणालो यात विरह आहे, तर मागून दाढीवाला म्हणाला, "चला, हिचंही जमलं." नवी पोरं गाणं आधी मला ऐकवतात, आणि मला जो अर्थ लागला तो सोडून बाकी कुठलाही असू शकतो, असं धरून चालतात. नियम फळीवर आहे तसाच आहे. कप मात्र हल्ली बरेचदा विसळलेले असतात.

त्या दोघांचं म्हणाल तर ताईंची भट्टी रात्रीचीच आहे आणि याची कामं सकाळचीच. त्यामुळे अजूनही एक चढते आणि एक उतरतो. मागे त्यांच्याकडे जाताना मी जिन्यात दमून थांबलो होतो, तेव्हा बघितलं. हा तिसऱ्याचं दार ओढून निघाला होता, त्या खालून येत होत्या. दुसऱ्याच्या वळणावर थांबले. त्यांनी पाव याच्या हातात ठेवला, याने किल्ली त्यांच्या हातात ठेवली, आणि उतरून गेला. घराला एकच किल्ली आणि ती रोज त्या वळणावर हातोहात जाते! माझ्या अंगावर असा शहारा आला. मी भिंतीला धरून म्हणालो, ताई, ही किल्ली म्हणजे,

"आजोबा," त्या गुडघ्यावर हात ठेवून वर चढत म्हणाल्या, "दुसरी करून घ्यायला वेळच झाला नाही हो. चला वर, चहा टाकते."